मोबाइलमधला फुकटचा माल आणि वेळेचा रोजमेळ

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यात बांशी नावाचे गाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये या गावच्या ग्रामसभेने ठराव केला की, १८ वर्षांखालील मुलांनी मोबाइल वापरू नये. आधी समजावून सांगायचे आणि तरीही ऐकले नाही तर दंड करायचा, असे ठरले. कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली. पुढे शाळा पुन्हा वर्गात गेली, पण मोबाइल काही मुलांच्या हातून सुटला नाही, हे त्यामागचे कारण. ही बातमी देशभर छापून आली. आपल्या पेठांमध्ये मात्र त्यावर जी चर्चा झाली ती बहुतेक थट्टेच्या सुरात. खेड्यातल्या लोकांना जमाना कळत नाही, असेच बहुतेकांचे मत पडले.

पुढे काय झाले पाहा. ऑस्ट्रेलियासारख्या पुढारलेल्या देशाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना सोशल मीडियावर खाते ठेवण्यास बंदी घातली. दोन्ही बंदी सारख्या नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु काळजी एकच आहे, आणि ती पुसद तालुक्यातील एका गावाने ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या दोन वर्षे आधी बोलून दाखवली. तेव्हा हसणाऱ्यांनी आता गंभीर व्हावे.

व्यापार-उद्योगाच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचकबंधूंना वाटेल. आमचे उत्तर सरळ आहे. व्यापाऱ्याचे आणि कारागिराचे भांडवल तीन प्रकारचे असते: पैसा, पत आणि वेळ. पैशाचा हिशेब आपण वहीत ठेवतो. आपली पत किती, हे बाजार सांगतो. वेळेचा हिशेब मात्र कोणाच्याच वहीत नसतो, आणि आज सर्वांत मोठी गळती तिथेच आहे.

मोबाइल हे औजार आहे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही मोबाइलच्या विरोधात नाही. कापडाच्या धंद्यात तर त्याने मोठी सोय केली आहे. सुरत, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मालाचे नमुने आता व्हॉट्सॲपवर येतात. पूर्वी चार थान पाहण्यासाठी रात्रभर प्रवास करावा लागत असे. बिल्टीचा फोटो माल निघण्याआधी हातात पडतो. २०१६ पासून यूपीआय आले आणि सुट्या पैशांची कटकट बरीचशी मिटली. दिग्रस, दारव्हा, उमरखेड, आर्णी, वणी, कुठेही जा, लहानातल्या लहान शिंप्याच्या दुकानातही मशीनशेजारी क्यूआरचा चौकोन चिकटवलेला दिसतो. गल्लाच मोबाइलमध्ये आला असेल तर मोबाइल बाजूला कसा ठेवायचा? म्हणून "मोबाइल सोडा" असा उपदेश आम्ही करणार नाही. तो कोणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये.

पण औजाराचा एक कायदा असतो. कात्री कापडावर चालते, काम झाले की खुंटीवर जाते. गज मोजण्यापुरता हातात येतो. इस्त्री तापवून ठेवून कोणी गप्पा मारत बसत नाही. मोबाइल हे एकच औजार असे आहे की काम झाल्यावरही ते हातातून खाली जात नाही. पेमेंट आले का, एवढे पाहण्यासाठी उचललेला मोबाइल अर्ध्या तासाने खाली ठेवला जातो. त्या अर्ध्या तासात गिऱ्हाईक पायरीवरून परत गेले तरी कळत नाही.

फुकट काहीच नसते

हे असे का होते, हे व्यापाऱ्याला दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. बाजारात फुकट काही मिळत नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? दुकानदार खरेदीवर रुमाल भेट देतो तेव्हा त्या रुमालाची किंमत कुठेतरी थानातच धरलेली असते. मग गाणी फुकट, चित्रपट फुकट, वाचन फुकट, नमाजच्या वेळा फुकट, असे देणाऱ्या कंपन्या ती किंमत कुठे धरतात? एक आपल्या वेळेत, कारण जितका वेळ आपण पाहू तितक्या जाहिराती विकल्या जातात. दुसरी आपल्या माहितीत, म्हणजे आपण कुठे जातो, काय घेतो, कोणाशी बोलतो यात.

वेळ ओढून घेण्याची कारागिरीही समजून घेतली पाहिजे. पूर्वी इंटरनेटवरचे पान संपत असे आणि पुढच्या पानासाठी बटण दाबावे लागत असे. २००६ मध्ये आझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने अशी सोय काढली की पान संपूच नये, बोट सरकवत राहावे आणि नवा माल खालून येत राहावा. आपल्या या शोधाबद्दल त्याने स्वतः नंतर जाहीरपणे खेद व्यक्त केला. कापडाच्या भाषेत सांगायचे तर थान संपले की गिऱ्हाईक उठते, निर्णय करते. हे थान संपतच नाही, म्हणून गिऱ्हाईक उठतच नाही. भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली. लोकांना वाटले, सुटलो. पण पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे रील आले आणि सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स. दुकान बदलले, माल तोच राहिला.

आता हिशेब करू. एखादा कारागीर दिवसाकाठी दोन तास या न संपणाऱ्या थानावर घालवतो असे धरा. वर्षात कामाचे ३०० दिवस धरले तर ६०० तास झाले. आठ तासांची एक हजेरी धरली तर या ७५ हजेऱ्या होतात, म्हणजे सुमारे तीन महिन्यांचे काम. दोन तासांत एक साधा शर्ट शिवून होतो असे मानले, तर वर्षाला ३०० शर्ट गेले. त्या शर्टांची शिलाई प्रत्येकाने आपापल्या दराने काढून पाहावी. मोबाइलच्या महिन्याच्या रिचार्जबद्दल आपण कुरकुर करतो, पण खरे बिल ते नाही. खरे बिल हे आहे आणि ते कोणत्याही कंपनीकडून छापून येत नाही.

शिवाय पैशात न मोजता येणारे नुकसान वेगळेच. शागिर्द उस्तादाजवळ बसून शिकतो ते नुसते सांगितल्याने नाही, पाहिल्याने. कॉलर कशी बसवतात, काज कसा उठवतात, कापड आडवे न जाता कात्री कशी फिरते, हे डोळ्यांनी शिकण्याचे हुनर आहे. ज्या शागिर्दाचे डोळे मांडीवरच्या मोबाइलमध्ये आहेत, तो दोन वर्षे कारखान्यात बसूनही कोराच राहतो. ही तूट एका पिढीनंतर दिसेल आणि तेव्हा ती भरून निघणार नाही.

सवय लावणारे ॲप

गंमत अशी की, मोबाइलने बिघडवलेल्या सवयी सुधारण्यासाठीही मोबाइलमध्येच ॲप मिळतात. पाणी पिण्याची आठवण, चालण्याची आठवण, वाचनाची आठवण, पहाटे उठण्याची आठवण. एक दिवस चुकला नाही की हिरवी खूण, चुकला की साखळी तुटली. २१ दिवसांत सवय लागते, असे यातली अनेक ॲप सांगतात. हा २१ चा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील पुस्तकावरून पसरला. शस्त्रक्रियेनंतर माणसाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान तितके दिवस लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर अभ्यास केला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागतील असे दिसले, कोणाला १८ तर कोणाला २५४. म्हणजे ठरावीक आकडा असा नाहीच. आपल्या बुजुर्गांचा ४० दिवसांचा चिल्ला या २१ दिवसांपेक्षा माणसाचा स्वभाव जास्त ओळखून होता, असे आम्हाला वाटते. त्याच अभ्यासाने आणखी एक कामाची गोष्ट सांगितली आहे. मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही. मग साखळी तुटली म्हणून भीती घालणारे ॲप कोणाच्या फायद्याचे आहे, हे ज्याचे त्याने ओळखावे.

व्यापाऱ्याला असल्या ॲपची गरजच काय? आपल्याकडे रोजमेळ आहे. रोज रात्री गल्ला मोजायचा, जमा-खर्च लिहायचा, शिल्लक जुळवायची आणि मगच दुकान बंद करायचे, ही सवय आपल्या आधीच्या पिढ्यांनी कोणत्याही आठवणीच्या घंटीविना पाळली. ती टिकली कारण तिच्यात खोटी खूण करता येत नाही. शिल्लक जुळत नसेल तर ती जुळत नाही.

ज्यांना तरीही ॲप वापरायचे आहे त्यांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. "सात दिवस फुकट" असे म्हणून बँक खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी आधीच घेतली जाते. रिझर्व्ह बँकेच्या, ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावे लागते. तो संदेश आपण वाचत नाही. आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे या नावाखाली अशा चालू परवानग्यांची यादी असते. आज रात्रीच ती उघडून पाहावी आणि नको ते बंद करावे.

एक धडा सर्वांसाठी

माहितीच्या किमतीबद्दल एक उदाहरण आपल्या वाचकांनी विसरू नये असे आहे. मुस्लिम प्रो हे सिंगापूरच्या कंपनीचे ॲप नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवते. जगभरात ते ९ कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतले गेले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या मदरबोर्ड या वृत्तसंस्थेने बातमी दिली की, या ॲपमधून लोकांच्या ठावठिकाण्याची माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जाते आणि त्या कंपनीच्या ग्राहकांमध्ये अमेरिकन सैन्यासाठी काम करणारे ठेकेदार आहेत. आम्ही सैन्याला माहिती विकत नाही, असे मुस्लिम प्रोने सांगितले, आणि त्याच वेळी एक्स-मोडसह अशा सर्व कंपन्यांशी संबंध तोडत असल्याचेही जाहीर केले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एक्स-मोडच्या पुढच्या कंपनीवर, प्रार्थनास्थळे आणि दवाखान्यांसारख्या ठिकाणांशी जोडलेली माहिती विकण्यास मनाई केली.

यातून घाबरून जाण्याचे कारण नाही, पण व्यापारी शहाणपण घेण्याचे आहे. नमाजच्या वेळेसाठी फक्त शहराचे नाव लागते. यवतमाळ किंवा पुसद हे नाव हाताने निवडले की काम होते. आपण क्षणोक्षणी कुठे आहोत, हे त्या ॲपला सांगण्याची गरज नाही. मशिदीतला वेळांचा तक्ता भिंतीवर आहेच आणि मेहराब काही रोज जागा बदलत नाही. कोणतेही ॲप घेताना ते लोकेशन, फोननंबरांची यादी, माइक अशा परवानग्या मागते. टॉर्चच्या ॲपला आपल्या गिऱ्हाइकांचे नंबर कशाला हवेत? आपली उधारीची वही आपण रस्त्यावरच्या माणसाला चाळायला देत नाही. मोबाइलमधली नावे-नंबर ही तीच वही आहे, आणि गिऱ्हाइकाने दिलेला नंबर ही अमानत आहे.

कानाचे काम, डोळ्याचे काम

आता गाण्यांचा विषय. संगीत ऐकावे की नाही, यावर मतभेद आहेत आणि तो प्रश्न या पानाचा नाही. आम्ही बोलतो आहोत ते कामाच्या जागेबद्दल. शिंप्याच्या कारखान्यात, जिनिंगच्या आवारात, सुताराच्या, बांगडीवाल्याच्या दुकानात रेडिओ पूर्वीपासून वाजत आला आहे. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची गीतमाला सुरू झाली, १९५७ मध्ये विविध भारती आली. रेडिओने कारागिराचा वेळ खाल्ला नाही, कारण तो फक्त कान घेत असे. हात मशीनवर आणि डोळे टाक्यावर. मोबाइलवरचे गाणे मात्र चित्रासह येते. ते कानाबरोबर डोळे मागते आणि पुढचे गाणे निवडायला हातही मागते. तिन्ही गेले तर काम कोण करणार?

म्हणून आमची साधी कसोटी अशी: जे ॲप फक्त कान घेते ते कारखान्यात चालू शकते, जे डोळे घेते ते नाही. आकाशवाणीच्या ॲपवर विविध भारती, मराठी केंद्रे आणि उर्दू सर्व्हिस ऐकता येतात. कानाने ऐकण्याची पुस्तकेही आता मिळतात. २०१७ मध्ये स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली आणि मराठी पुस्तके आवाजात मिळू लागली. त्याला पैसे पडतात, पण किंमत उघड सांगितलेली असते, हा सौदा फुकटापेक्षा प्रामाणिक आहे. मोबाइल शेल्फवर ठेवून आवाज पेटीतून सोडला, तर दहा कारागिरांना एकाच वेळी एक चांगले पुस्तक ऐकता येईल. टाके घालता घालता ज्ञान मिळवण्याची अशी सोय आपल्या वडिलांच्या पिढीला नव्हती.

वाचन: इथे मोबाइल खरोखर कामाचा

अमीन सयानी फेब्रुवारी २०२४ मध्ये निवर्तले. त्यांच्या आवाजाची आठवण सर्वांनी काढली, पण त्यांच्या घरातील दुसरे काम फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांच्या आई कुलसुम सयानी यांनी १९४० ते १९६० पर्यंत 'रहबर' नावाचे पाक्षिक चालवले. नव्याने अक्षर ओळखू लागलेल्या प्रौढांसाठी ते गांधीजींच्या सांगण्यावरून निघत होते. भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी, आणि लिपी तीन: उर्दू, देवनागरी, गुजराती. तरुण अमीन सयानी त्यात आईला मदत करीत असत. जो माणूस जी लिपी वाचतो त्या लिपीत त्याच्यापर्यंत पोचायचे, हा त्यामागचा विचार होता.

हाच विचार आज मोबाइलवर दिसतो. नागपुरात जन्मलेले उद्योगपती संजीव सराफ यांनी २०१३ मध्ये रेख्ता सुरू केले. सराफ यांचा धंदा पॉलिएस्टर फिल्मचा, म्हणजे तेही आपल्यासारखे व्यापार-उद्योगातलेच. उर्दू त्यांनी मोठेपणी शिकून घेतली. रेख्तावर उर्दू शायरी उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्यांत वाचता येते आणि हजारो जुनी उर्दू पुस्तके पानोपान पाहता येतात. आमचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. ज्या पुस्तकांची नावे आम्ही फक्त उस्तादांच्या तोंडून ऐकली होती, ती आज दिग्रसच्या दुकानात बसून उघडता येतात. याबद्दल आभार न मानणे कृतघ्नपणा ठरेल.

मराठीतही ठेवा कमी नाही. मराठी विश्वकोशाचे वीस खंड इंटरनेटवर विनामूल्य आहेत. कापूस, रंगकाम, सूतकताई, विणकाम यांवरील नोंदी कापडवाल्याने जरूर वाचाव्यात. लहान मुलांसाठी प्रथम बुक्सने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर सुरू केले, त्यात मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत गोष्टी मोफत मिळतात. फुकट काहीच नसते असे आम्ही वर म्हटले, तेव्हा हे काय, असे कोणी विचारेल. याची किंमत सरकारने आणि देणगीदारांनी आधीच मोजलेली आहे, म्हणून ती आपल्या वेळेतून वसूल केली जात नाही. हा फरक ओळखता आला पाहिजे.

आपल्या घरांमध्ये आज एक चिंतेची गोष्ट घडते आहे. मुले घरात उर्दू बोलतात, शाळेत मराठी किंवा इंग्रजी शिकतात आणि मोबाइलवर रोमन अक्षरांत लिहितात. परिणाम असा की उर्दूचे पान त्यांना अडते, मराठीचे पान त्यांना जड जाते आणि इंग्रजीचे पान समजत नाही. तीन भाषा येतात पण एकीतही पाच पाने सलग वाचून होत नाहीत. उद्या यांनाच जीएसटीची नोटीस, बँकेचा करार, भाडेपट्टा वाचायचा आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला दुसऱ्याच्या शब्दावर सही करावी लागते. व्यापारात याहून मोठा तोटा नाही. यवतमाळला १९७३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अशा शहरातील दुकानदारांच्या मुलांनी वाचनात मागे राहावे, हे शोभणारे नाही.

एकट्याने नव्हे, मिळून

मग उपाय काय? बांशीने वयावर बंदी घातली. त्यांच्या कळकळीबद्दल आम्हाला आदर आहे, पण वयाच्या बंदीत एक उणीव राहते. बाप हातात मोबाइल धरून मुलाला सांगतो की तू धरू नको. मूल बापाचे ऐकत नाही, बापाकडे पाहते.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या गावाने वेगळा मार्ग काढला. रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात, बोलतात. साडेआठला पुन्हा भोंगा. ही बंदी लहानांसाठी आहे तशीच थोरांसाठी. डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावजवळच्या हलगा गावानेही ७ ते ९ असा वेळ ठरवला. यांनी कोणतेही ॲप घेतले नाही. एकच वेळ सर्वांची, ही त्यांची युक्ती आहे. एकटा माणूस मोबाइल ठेवतो तेव्हा त्याला वाटते की आपलेच काही हुकते आहे. सगळे एकदम ठेवतात तेव्हा कोणाचेच हुकत नाही.

ही गोष्ट आपल्या समाजाला नवी वाटू नये. जुम्याच्या वेळी दुकानाचा पडदा ओढला जातो तेव्हा कोणी म्हणत नाही की माझे गिऱ्हाईक जाईल, कारण शेजाऱ्याचाही पडदा ओढलेला असतो. दिवसातून पाच वेळा काम थांबवण्याची सवय ज्या समाजाला आहे, त्याला मोबाइल एक तास खाली ठेवणे अवघड का जावे?

यावर व्यापारी बंधू एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. वडगाव शेतीचे गाव आहे. संध्याकाळी ७ ते साडेआठ ही आमची गिऱ्हाइकीची वेळ. लग्नसराईत आणि रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात तर दुकाने मध्यरात्रीपर्यंत उघडी असतात. तेव्हा वडगावची वेळ आपण जशीच्या तशी उचलू शकत नाही. वेळ आपल्या धंद्याच्या मापाने बेतावी लागेल. आमच्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली, दुकानाचा मोबाइल वेगळा असावा. त्यात यूपीआय, धंद्याचे व्हॉट्सॲप आणि हिशेब एवढेच. पैसे आल्याचे बोलून सांगणारी पेटी घ्यावी, म्हणजे दर पेमेंटला मोबाइल उघडावा लागत नाही.

दुसरी, कारखान्यात सकाळचे पहिले दोन तास सर्वांचे मोबाइल एका पेटीत. उस्तादाचाही त्यातच. घरचा तातडीचा फोन आला तर दुकानाच्या मोबाइलवर येईल. हे दोन तास शिकण्याचे आणि बारीक कामाचे.

तिसरी, घरात दुकान बंद झाल्यानंतरचा अर्धा तास वाचनाचा. कागदावर वाचा किंवा मोबाइलवर, पण जोराने वाचा, एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे. अर्ध्या तासात १५ पाने झाली तरी २०० पानांचे पुस्तक दोन आठवड्यांत संपते. वर्षाला २५ पुस्तके होतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि शाळेत न गेलेल्या बहिणींनाही त्याचा लाभ होतो.

चौथी, रोजमेळाच्या पानावर एक ओळ वेळेची लिहावी. आजच्या बहुतेक मोबाइलमध्ये दिवसभरात कोणत्या ॲपवर किती वेळ गेला, हे सेटिंगमध्ये दिसते. तो आकडा रात्री जमा-खर्चाखाली उतरवावा. आठ दिवस लिहिला तरी डोळे उघडतील.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, हे एकट्याने करू नये. एका गल्लीतील पाच शिंप्यांनी, एका पेठेतील दहा दुकानदारांनी बसून आपली वेळ ठरवावी. दंडाची गरज नाही. आपल्या पेठेत शब्दाची लाज अजून शिल्लक आहे.

बांशीच्या ग्रामसभेने हा विषय चारचौघांत मांडला. एवढे धाडस आपल्या व्यापारी मंडळांनी, शिंपी-कारागिरांच्या संघटनांनी आणि उर्दू शाळांच्या पालकसभांनी आजवर दाखवलेले नाही. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यावा, अशी आमची विनंती आहे. गेलेला पैसा पुढच्या हंगामात परत मिळवता येतो, बुडालेली उधारीही कधीमधी वसूल होते. वेळेची वसुली मात्र कोणत्याही कोर्टात होत नाही. म्हणून ज्याला पैशाचा हिशेब जमतो त्याने वेळेचा हिशेब आजपासून लिहायला घ्यावा.